रुमालाखालचा हात

साळूबाईच्या मुठीतून तिच्या नवऱ्याचा हात सोडवून घेत डॉक्टर शांतवनांनी त्याच्या तळव्यावर आपली दोन बोटं ठेवली आणि कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं,

"कानिफनाथ, हात दाबा."

कानिफनाथनं दाबला. साळूबाईच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं.

"दाबला की वो, डाक्तरसाहेब!"

"आता सोडा. कानिफनाथ, हात सोडा."

हात सुटला नाही. डॉक्टरांनी त्याचं एकेक बोट उलगडून स्वतःची बोटं मोकळी केली आणि तळव्यात फडक्याची घडी ठेवली. मूठ तिच्यावरही तशीच मिटली.

"तान्हं मूलसुद्धा असंच धरतं, बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. त्याला ऐकू आलं, असं नाही म्हणता येत."

साळूबाईचं हसू जागच्या जागी राहिलं. ते कसं आवरायचं हे तिला कळेना.

घोडेगावच्या बैलबाजारात कानिफनाथ दलालाचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा सकाळी विकलेल्या म्हाताऱ्या बैलाला, स्वतःच्याच वर्णनाला भुलून, त्यानं संध्याकाळी जास्त भावानं परत विकत घेतलं, असं सांगतात. आणि सांगणाऱ्यांत पहिला तोच असे. काल भर बाजारात श्रीमंत नावाच्या दलालाच्या खोंडानं त्याला शिंगावर घेतलं आणि दगडी हौदावर फेकलं. डोकं असं आपटलं की हौदाला चीर गेली. चीर आधीचीच होती, पण बाजार ऐकतो कुठं! कानिफनाथ उठला, धूळ झटकली, खोंडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चहा मागवला, आणि मारका आहे म्हणून त्याच खोंडाचा भाव पाडला. बाजारानं एकमुखानं निकाल दिला: माणूस शिव्या देतोय, भाव पाडतोय, म्हणजे शाबूत आहे. जनावराचा दात बघून वय सांगणारी मंडळी ती. त्यांचा अंदाज कोण खोडणार?

रात्री तो घोरत होता. साळूबाईला बरं वाटलं, गाढ झोप लागली म्हणून. पहाटे तिनं हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तो घोरतच होता.

मग नगरच्या दवाखान्यात न्यायला मोटार. महायुद्धामुळं पेट्रोल लष्कराला जाई आणि मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. इमामपूरच्या घाटात ती बसली, तेव्हा उतारूंनी खाली उतरून ढकलली. श्रीमंत दलालानं एकट्यानं ती माथ्यावर नेली, असं ड्रायव्हर पुढं वर्षभर सांगत होता. बाकीचे उतारू तेवढं कबूल करत नसत, पण श्रीमंतच्या तळव्यांची सालटी गेली होती हे खरं.

तो आता वॉर्डाच्या दाराशी मुंडासं हातात घेऊन उभा होता. बोलला नव्हता. कानिफनाथशी त्याचं बोलणं नव्हतंच, कित्येक वर्षं. का, ते दोघंही विसरले होते. बाजारात मात्र रोजचा व्यवहार. दलालांचा भाव तोंडानं होत नाही. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबायची. एवढी बोटं म्हणजे एवढे रुपये, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही. तोंडं एकाचं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, आणि रुमालाखाली हातांची गळाभेट.

डॉक्टरांनी कानिफनाथची उजवी पापणी उचलली.

"ही बाहुली बघा, दुसरीपेक्षा मोठी झालीय. कवटीच्या आत रक्त साकळतंय, ते मेंदू दाबतंय. हाडाला भोक पाडून काढता येतं."

"मंग काढा की."

"मागं दोघांचं काढलं, बाई. दोघंही टेबलावरच गेले. त्या दोघांनाही हाक कळत नव्हती." डॉक्टरांनी पापणी हलकेच खाली सोडली. "आत कुणी ऐकत असेल, तर मी हात घालीन. नसेल, तर तुम्ही त्याला घरी न्या. आपल्या माणसांत तरी जाईल."

"आन् आत कोन हाय का न्हाई, ते कसं कळायचं?"

"मी हाका मारतो. त्यापलीकडं मलाही काही येत नाही."

साळूबाईनं पलंगाचा लोखंडी दांडा धरला. घरी न्यायचं म्हणजे तोच घाट, तीच मोटार. ती दांडा धरून राहिली.

"हाकंला तो धडधाकट आसतानाबी ओ देत नव्हता, साहेब," दारातून आवाज आला. "माज्या तर कवाच न्हाई."

डॉक्टरांनी वळून पाहिलं.

"आपण कोण?"

"ज्याचा खोंड, तो मी." श्रीमंत पुढं आला. "त्याचं आन् माजं बोलनं हातानं हाय. मला एकडाव बगू द्या."

डॉक्टर बाजूला झाले. श्रीमंतनं खांद्यावरचं उपरणं झटकलं, कानिफनाथच्या हातावर पसरलं, आपला हात खाली सारला, आणि सवयीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारा कोपरावर उठून बसला. दलालाच्या चेहऱ्यावरून भाव कळला तर तो दलाल कसला? श्रीमंतचा चेहरा तसाच, खिडकीबाहेरच्या लिंबाच्या खोडासारखा.

उपरणं हललं. थांबलं. पुन्हा हललं. खाली कुणाची बोटं हलत होती, ते वरून कुणाला दिसणार?

साळूबाई उपरण्याकडं पाहत होती. डोळ्याचं पातं लवू देत नव्हती.

"बोलतोय," श्रीमंत म्हणाला.

"काय बोलतोय?"

"खोंडाचा भाव. मी बोटं दाबली, त्यानं उलटी दाबली. मारका हाय म्हनून पाडून मागतोय." त्याचा आवाज चिरकला. "हरामखोर, मरतानाबी पाडूनच मागतोय."

'मरताना' हा शब्द निसटला आणि तिघांच्या मधे पडून राहिला. कुणी उचलला नाही.

"पुन्हा करून दाखवता?" डॉक्टर म्हणाले. "कापड बाजूला ठेवून?"

"उगड्यावर भाव करत न्हाई आमी, साहेब."

डॉक्टरांनी श्रीमंतकडं पाहिलं. मग ते साळूबाईकडं वळले.

"बाई, तुम्ही काय म्हणता? तुमच्या शब्दावर करीन मी."

साळूबाईनं श्रीमंतकडं मान वळवली नाही. उपरण्याची एक घडी नीट केली, जणू नवऱ्याचा हात उघडा पडू नये.

"भावजी खोटं कशाला सांगतील?" ती म्हणाली. "उघडा डोस्कं."

घोडेगावचा दलाल खोटं कशाला सांगेल, यावर एरवी अख्खा बाजार बैलांसकट हसला असता. पाय मोडलेला म्हाताराही हसला नाही. डॉक्टरांनी पुन्हा काही विचारलं नाही. "मेरी सिस्टर, पाणी उकळायला ठेवा," एवढं म्हणून ते बाह्या सारीत निघून गेले.

कंपाउंडरनं वस्तऱ्यानं कानिफनाथचे केस उतरवले. केसांखाली, कानाच्या वर, मार एवढासा दिसत होता की कुणीही म्हटलं असतं, हळद लावा, बरं होईल.

व्हरांड्यातल्या बाकावर साळूबाई आणि श्रीमंत बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. बंद दाराआडून घरघर ऐकू आली. सुतार सागवानात गिरमिट फिरवतो तशी, पण फार सावकाश. घरघर थांबली की श्रीमंत उठायचा. सुरू झाली की बसायचा. साळूबाई पदराचं टोक पिळत होती, पुन्हा सोडत होती.

"कितीला मागितला खोंड?" तिनं अचानक विचारलं.

"आं?"

"ह्यांनी. कितीला मागितला?"

"भाव तिसऱ्याला सांगत न्हाईत, वैनी."

"मी तिसरी व्हय?"

श्रीमंतनं मुंडासं एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं.

साळूबाई सरकली. बाकावर टेकलेल्या त्याच्या हातावर तिनं आपला पदर टाकला आणि खाली आपला हात नेला. मेरी सिस्टर किटली घेऊन जाता जाता थबकली, आणि काही पाहिलं नसल्यासारखी पुढं गेली.

"वैनी, कोन बगंल!"

"बगू द्या. तोंडानं नगा सांगू. ह्यांनी जसा सांगितला, तसा माज्या हातावर सांगा."

"तुमाला काय कळायचं त्यातलं?"

"लगीन झाल्यापास्नं रोज रातच्याला गोधडीखाली माजा भाव करत्यात. खुशीत आसले की हजार. भांडान झालं की आठ आनं." ती समोरच्या भिंतीकडं पाहत होती. "मला समदं कळतं."

श्रीमंतची बोटं तिच्या तळव्यावर टेकली. भल्याभल्यांचे भाव पाडलेली ती बोटं. सालटी गेलेली, गरम. ती नुसती थरथरत होती. त्या थरथरण्याचा कुठल्याच बाजारात काही भाव होत नव्हता.

"वैनी," तो म्हणाला, "माजाच खोंड हुता वो. त्याला घरी घेऊन जायचं म्हनलं तर मी... त्यानं भाव काई..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मोटारीत सगळी वाट त्यांचा हात माज्या हातात हुता. घोंगड्याखाली दाबून दाबून बगितला. दाबला की आवळायचे, सोडवला की पडायचा." तिचा आवाज बसला. "हजारबी म्हनले न्हाईत. आठ आनंबी न्हाईत."

श्रीमंत तिच्याकडं पाहत राहिला.

"मंग डाक्तराला व्हय कशाला म्हनलात?"

"तुमी भाव सांगितला," साळूबाई म्हणाली. "मी पटवून घेतला."

आतली घरघर थांबली. श्रीमंत या खेपेला उठला नाही. दाराआड भांडं वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज झाला. डॉक्टर कुणाला तरी काही म्हणाले; शब्द कळले नाहीत, सूरही कळला नाही. मग पावलं दारापर्यंत आली.

कडी निघाली. पदराखालचे हात काढून घ्यायला हवेत, हे दोघांनाही कळत होतं. कुणी काढले नाहीत.