पागुमेचे पाच दिवस

“कार्डावर साठ आहे, इत्ये. तुम्ही बावन्न लिहिलंय,” लॉजच्या टेबलामागून त्सिगे म्हणाली आणि तिने रजिस्टर येशीमेबेतकडे परत फिरवलं.

“कार्ड चुकलंय.”

“कार्ड कसं चुकेल? सरकारचं आहे.”

“चुकलंय. तेच दुरुस्त करून घ्यायला आलेय.”

त्सिगे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं इत्ये म्हणत होती, पण आवाज धाकटीला दटावल्यासारखा होता. “हे बघा, पोलीस येतात रजिस्टर बघायला. रकाना आणि कार्ड जुळलं नाही की बोलणी मला बसतात, कार्डाला नाही.” तिने लाल पेन काढलं, बावन्नवर पट्टी ठेवून रेघ मारली आणि शेजारी साठ लिहिलं. “तुमचं दुरुस्त झालं की सांगा, मीही करीन. खोली नंबर सात. पिंप भरलेलं आहे.”

पिंप भरलेलं नव्हतं. तळाशी चार बोटं पाणी होतं, त्यात साबणाचा तुकडा आणि एक मेलेला पतंग. येशीमेबेत दोन जिने उतरून पुन्हा खाली आली.

“मग आधीच्या माणसाने भरलं नसेल,” त्सिगे म्हणाली. “नियम तर आहे. पाणी आलं की आपलं पिंप आपण भरायचं, आणि जाताना पुढच्यासाठी भरून ठेवायचं. पाळत नाहीत लोक.”

“पाणी येतं कधी?”

“येतं.”

“दारावर पाटी आहे, चोवीस तास गरम पाणी.”

“गरमच असतं की. आलं तर.”

बेलाय लॉज बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं. अदिस अबाबात कचेरीच्या कामासाठी आलेली माणसं बोचकं खांद्यावर टाकून चालत तिथे पोचायची आणि दोन दिवस म्हणून पंधरा दिवस राहायची. खोल्यांच्या मधल्या भिंती पातळ होत्या. सात नंबरच्या दाराची कडी आतून लागायची, पण काढताना हातात यायची. खिडकीसमोर पाडकाम चालू होतं. पावसाच्या दोन सरींमध्ये उघडीप मिळाली की यंत्र सुरू व्हायचं आणि पलंग हलायचा.

येशीमेबेतचं काम थोडक्यात सांगण्यासारखं होतं, आणि गेले चार महिने ती ते सांगत होती. देशाचं साल वेगळं, परदेशी साल वेगळं; देशी साल जवळजवळ आठ वर्षांनी मागे. ओळखपत्राच्या नव्या कार्डाच्या वेळी कुणा कारकुनाने तिचं देशी जन्मसाल परदेशी सालाच्या रकान्यात लिहिलं. पुढच्या टेबलावरच्याने ते परदेशी समजून त्यातून आठ वजा केले. वजाबाकी अगदी बरोबर होती. त्या वजाबाकीमुळे येशीमेबेत आठ वर्षं जास्त म्हातारी झाली, आणि साठ पूर्ण म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून निवृत्त.

गोज्जामच्या उतारावरच्या एका गरम गावात ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. अठ्ठावीस वर्षं. पाऊस ओसरला की तिथे तापाचे दिवस सुरू होत आणि रोज रक्ताच्या शंभर-सव्वाशे स्लाइड्स येत. दुसरा तंत्रज्ञ मंजूर झाला होता. मंजूर होऊनही चार वर्षं झाली होती. नवरा जाऊन अकरा वर्षं, मूलबाळ नाही. सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडून मायक्रोस्कोपवरचं फडकं काढलं की तिचा दिवस सुरू व्हायचा. ती आठ वर्षं तिला परत हवी होती.

“पागुमे,” निवृत्तीच्या कचेरीतल्या खिडकीमागून कारकून वर्कनेह म्हणाला. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. “पाच दिवसांचा तेरावा महिना. पगार बारा महिन्यांचा, माणसं मात्र तेरा महिने येतात. काय काम?”

तिने सांगितलं. त्याने कार्ड पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या केसांकडे.

“बावन्न?”

“बावन्न.”

“गरम प्रदेशात माणूस लवकर पिकतो म्हणा,” तो म्हणाला. “बाप्तिस्म्याचा दाखला?”

“देवळातली वही वाळवीने खाल्ली.”

“मग दोन साक्षीदार. वयाने मोठे, जन्म किंवा बाप्तिस्मा स्वतः पाहिलेले. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत. त्यानंतर फाईल बंद, मग मी आणि तुम्ही डोकं आपटलं तरी उघडत नाही.”

एक साक्ष तिच्याजवळ होती. गावातल्या चुलत बहिणीने अंगठा उठवलेला, वॉर्डाचा शिक्का असलेला कागद. तो त्याने ठेवून घेतला; दुसरा साक्षीदार मात्र स्वतः खिडकीसमोर हवा, म्हणाला. आई नव्हती, धर्ममाता दोन वर्षांपूर्वी गेली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी खिडकीवर ‘बैठक’ असा कागद चिकटवलेला होता आणि आतून चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता. येशीमेबेत दोन्ही दिवस शेवटपर्यंत बाकावर बसून राहिली. मधे तिने जुन्या शेजाऱ्यांना, मावसभावाला, गावच्या पुजाऱ्याला फोन लावले. ज्यांना आठवत होतं ती माणसं प्रवास करण्याच्या पलीकडे गेली होती, आणि जी येऊ शकत होती ती तेव्हा जन्मलेली नव्हती.

रुग्णालयातून हेड नर्सचा फोन आला. “येशी, ताप सुरू झालाय. चाळीस स्लाइड्स पडून आहेत. तू कधी येतेस?”

“मलाच माहीत नाही मी कोण म्हणून येणार ते,” येशीमेबेत म्हणाली.

लॉजवर पाणी आलं नव्हतं. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा डबा विकत आणून त्यावर तोंड धूत होती.

आठ नंबरमध्ये मेर्शा नावाचे म्हातारे होते. जमिनीच्या खटल्यासाठी आलेले, दोन महिने मुक्काम. सगळं लॉज त्यांना आदराने गाशे म्हणायचं. ते व्हरांड्यात स्टूल टाकून भाजलेले जव चघळत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाव विचारत. चौथ्या दिवशी दुपारी त्सिगेने कॉफी भाजायला घेतली होती, धूर जिन्यातून वर येत होता.

“दंगिलाकडची ना तू?” गाशे मेर्शा म्हणाले. “अरागाव शिंप्याची?”

“तुम्ही ओळखत होता बाबांना?”

“त्यांनी शिवलेला कोट मी लग्नात घातला. एक बाही आखूड होती. बायको अजून बोलते.” त्यांनी मूठभर जव तिच्या हातात ओतले. “मग अडतंय कुठे?”

तिने सांगितलं.

“हात्तिच्या! मी येतो की. मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी, मारियम मातेच्या देवळात. मी पाहिला.”

“तुम्ही होता तिथे?”

म्हाताऱ्यांनी चघळणं थांबवलं. “बाई, त्या देवळात त्या वर्षांत मी शंभर बाप्तिस्मे पाहिले असतील. त्यात तुझा नसेल असं कोण सांगेल? आणि तू बावन्नची आहेस ना?”

“आहे.”

“मग खऱ्याचीच साक्ष द्यायची आहे. असतो तर आठवलंच असतं. आठवतंय म्हणायला काय जातं?”

खालून त्सिगे ओरडली, “हो म्हणा, इत्ये! मलाही ते लाल खोडायला बरं वाटेल.”

येशीमेबेत हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिने तीन पेले कॉफी प्यायली. खोलीत जाऊन धुतलेली पांढरी शाल काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाशे मेर्शांना हाताला धरून चिखलातून कचेरीत घेऊन गेली.

त्या दिवशी खिडकीसमोर गर्दी फार होती. वर्ष संपत होतं आणि सगळ्यांना सगळं त्याच दिवशी हवं होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा दुपार व्हायला थोडाच वेळ उरला होता. खिडकीत दोरीने बांधलेलं बायबल होतं, कव्हर हातांनी काळं पडलेलं. गाशे मेर्शांनी त्यावर हात ठेवला आणि ते छान बोलले. पाऊस पडून गेला होता. शिंप्याने सगळ्यांना बिअर पाजली. धर्ममातेचा पाय घसरला. “आणि पोर कशी, गुटगुटीत! पाण्यात धरली तर पुजाऱ्याच्या हाताला वजन झेपेना.”

येशीमेबेत सातव्या महिन्यात जन्मली होती. आई सांगायची, ऐंशीव्या दिवशीही तू बाबांच्या एका तळहातावर मावत होतीस.

वर्कनेहने भराभर लिहून घेतलं, म्हाताऱ्यांचा अंगठा घेतला, शिक्क्याची डबी उघडली आणि कागद तिच्याकडे सरकवला. “वाचा आणि खाली सही. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.’ लवकर.”

तिने वाचला. ती वाचल्याशिवाय कशावरच सही करत नसे. शिकायला येणारी पोरं त्यावरून हसायची. भिंगाखाली सरकवत एका स्लाइडची शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं तिने कधी लिहिलं नव्हतं, आणि डोळ्याला दिसल्याशिवाय ‘आहेत’ असंही नाही. एकदा नवा डॉक्टर आला होता. रोग्याला मलेरियाच आहे, तू ‘आहेत’ लिही, म्हणाला. तिने दोनशे क्षेत्रं पाहिली आणि ‘दिसले नाहीत’ लिहिलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, रोगी बरा झाला. महिनाभर डॉक्टर तिला चिडवत होता. पुन्हा तीच स्लाइड आली असती तर तिने पुन्हा तेच लिहिलं असतं.

मागचा माणूस म्हणाला, “अहो बाई, सही करताय की पाठ करताय?”

तिने पेन खाली ठेवलं.

“माझं वय खरं आहे,” ती म्हणाली. “हा कागद खरा नाही.”

वर्कनेहने चष्मा काढला. “म्हणजे?”

“यांनी पाहिलेलं नाही. माझ्या भल्यासाठी बोलताहेत. माझी चूक आहे, मी त्यांना आणलं.”

“बाई, मी विचारलं का तुम्हाला?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “मी विचारलं? माझ्यासमोर शिक्का उघडा आहे. अजून बोलू नका. सही करा आणि जा.”

गाशे मेर्शा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात अजून बायबलवरच होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

“चूक तुमच्या लोकांच्या वजाबाकीत आहे,” येशीमेबेत म्हणाली. आता तिचा आवाज चढला. “दोन रकाने आहेत. अर्ज काढा, दोन्ही बघा, हिशेब मांडा. पाचवीतल्या पोराला दिसेल. त्याला साक्षीदार कशाला हवा?”

“अर्ज या कचेरीत नसतो.”

“मग कुठे असतो?”

“तो विभाग नव्या वर्षात उघडेल.”

“तेव्हा फाईल बंद असेल.”

“हो,” वर्कनेह म्हणाला. त्याने शिक्क्याची डबी बंद केली. तिच्याकडे न बघता त्याने म्हाताऱ्यांच्या साक्षीचा कागद चार तुकडे करून आपल्या खिशात घातला. “हा माझ्याकडे आलाच नाही. पुढचा कोण?”

परत येताना गाशे मेर्शा तिचा हात न धरता पुढे चालत राहिले. लॉजच्या पायरीवर बूट आपटून चिखल झाडताना म्हणाले, “ऐंशीच्या घरात आलो. चार माणसांत असं तोंड काळं कुणी केलं नव्हतं माझं.”

“माफ करा, गाशे.”

“सही केली असतीस तर मारियमने माफ केलं असतं. तू नाही करत कुणाला.” ते आपल्या खोलीत गेले. जाताना दार आदळलं नाही, हे तिला जास्त लागलं.

त्सिगेने वर पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हातात घेतलेलं लाल पेन परत डब्यात ठेवलं.

नव्या वर्षाच्या सणाच्या दिवशी बस नव्हती. गल्लीत मुली पिवळी फुलं घेऊन गात फिरत होत्या, पाडकामाचं यंत्र बंद होतं. येशीमेबेत खोलीत बसून हेड नर्ससाठी कागदावर लिहीत राहिली. रंगद्रव्य कुठे ठेवलंय, कुठलं भिंग हलतं आणि ते कसं बसवायचं, खिडकीचा पडदा दुपारी का ओढायचा. नवा माणूस आला तर त्याला हे द्यावं. चार पानं झाली. शेवटी तिने लिहिलं, ‘घाईत शंभरपेक्षा कमी पाहू नये,’ आणि कागदाची घडी करून प्रयोगशाळेच्या किल्लीबरोबर पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बोचकं घेऊन खाली उतरली. त्सिगेने रजिस्टर पुढे केलं. त्याच ओळीत, लाल साठच्या शेजारी, गेल्याची सही करायची होती.

“आता तसंही एक वर्ष वाढलं,” त्सिगे म्हणाली. “त्या दोन्ही आकड्यांना.” हसवायचा प्रयत्न होता; तिला स्वतःलाच तो जमला नाही.

येशीमेबेतने ओळ वाचली. नाव, गाव, खोली, वय. सही केली.

तेवढ्यात वर कुठेतरी नळ खाकरला. भिंतीतला पाइप थरथरला, आणि लगेच वरच्या मजल्यावर कुणीतरी दारादारावर मुठी आपटत सुटलं. “पाणी! अरे उठा, पाणी आलं! त्सिगे, पाणी! येशी! ए येशी, ऊठ, पाणी आलंय!” गाशे मेर्शांचा आवाज होता.

“बस चुकेल, इत्ये,” त्सिगे म्हणाली.

येशीमेबेतने बोचकं पायरीवर ठेवलं आणि ती परत दोन जिने चढली. गाशे मेर्शा बादली घेऊन व्हरांड्यात उभे होते. तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि नळाकडे जायला वाट दिली. तिने सातच्या खोलीतलं पिंप बाहेर ओढलं, तिरपं करून तळातला साबण आणि पतंग ओतून टाकला, हाताने आतून घासलं, दोनदा विसळलं. मग नळाखाली लावलं. पाणी आधी तांबडं आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. ती पिंपाच्या काठावर हात ठेवून, काठोकाठ होईपर्यंत, उभी राहिली.