खेकडीचं नाव

कामशेतजवळच्या टेकडीवरून पर्यटकांना हवेत सोडायचं काम नथू हिलम पाच वर्षं करत होता. उडवायचे हनुमंतभाऊ. ते पायलट, मागच्या खुर्चीत बसायचे आणि दोऱ्या सांभाळायचे. नथूचं काम जमिनीवरचं. ग्लायडरचं कापड पसरायचं, पट्टे आवळायचे, वारा आला की ओरडायचं, ‘पळा!’

पण कड्याच्या तोंडाशी आल्यावर माणसाचे पाय ऐनवेळी रुसतात. पुण्यातून मोठ्या हौशीनं आलेला गडी तिथं असा खिळतो की बैलगाडी लावून ओढला तरी हलायचा नाही. नुसतं ‘पळा’ म्हणून भागत नाही, हे नथूला पहिल्याच महिन्यात कळलं. मग तो शब्दाला शब्द जोडत टाळ्या वाजवत त्यांच्या बाजूनं पळू लागला. ठेका धरला की पाय आपोआप उचलायचे.

त्या डिसेंबरात तळेगावची ऋचा आली. पुण्यात एका स्टुडिओत ती गाणी ध्वनिमुद्रित करायची. हेल्मेट चढलं, पट्टे बसले आणि बाई जागच्या जागी खांब झाली.

“मला नाही जमणार. सोडा मला,” ती म्हणाली.

हनुमंतभाऊ मागून म्हणाले, “नथ्या, घे रं.”

नथूनं टाळी दिली.

“पळ ताई पळ, मागं नको बघू,
वारा आलाय न्यायला, आता नको थांबू!
पाय हाये जमिनीवर तवर पळून घे,
मग बसून ऱ्हा निवांत, मावळ बघून घे!”

तिसऱ्या ओळीला ऋचा पळत होती आणि चौथीला हवेत होती. वीस मिनिटांनी खाली शेतात उतरली ती हसतच. ग्लायडर गोळा करायला नथू तिथं येऊन थांबला होता. आभार राहिले बाजूला. हेल्मेट काढायच्या आधी तिनं विचारलं, “मघाशी तुम्हीच म्हणत होतात ना? ते गाणं कुणाचं?”

“कुनाचं न्हाई,” नथू म्हणाला. “तोंडाला येतं ते म्हंतो.”

पुढच्या रविवारी ती माईक घेऊन आली. ग्लायडर ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत चारही बाजूंनी ग्लायडरच्या पिशव्या रचून तिनं नथूला मध्ये उभं केलं. त्यातून जे गाणं झालं ते महिनाभरात इतक्या फोनवर पोचलं, की लोक उडायला येऊन आधी विचारायचे, “पळ ताई पळवाला कुठाय?” हनुमंतभाऊंनी तर पाटीवर त्याचं नाव स्वतःच्या नावाच्या वर लिहून घेतलं.

घरी मात्र त्याचं काही चालायचं नाही. वडिवळ्याच्या धरणाच्या अंगाला त्यांची कातकरवाडी. पंधरा घरं. त्याची आई भामाबाई लग्नांत गाणी म्हणायची. तिनं गळा लावल्याशिवाय वाडीत कुणाला हळद लागत नसे. तिनं फोन कानाला लावून लेकाचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “गानं म्हंतुयास का भांडतुयास?”

“आये, ह्येला रॅप म्हंत्यात.”

“दमानं म्हन की मग. कोन मागं लागलंय?”

त्या दिवशी घरी आलेली ऋचा तिथंच बसली होती. माय-लेक एकमेकांशी मधूनमधून वेगळंच काही बोलतात, हे तिच्या कानानं टिपलं. परतताना तिनं विचारलं, “घरी बोलता त्या भाषेत का नाही करत गाणं?”

नथूनं वाटेतला खडा पायानं उडवला. मग म्हणाला, “शाळंत पहिल्या दिवशी मी आमच्या बोलीत पानी मागितलं. अख्खा वर्ग हसला. त्या दिसापासनं मी घराभायेर ती बोली तोंडातनं काढली न्हाई, ताई. ती गान्यात कुटं आनू?”

“वर्ग हसला होता ना? आता तेच लोक तुमचं गाणं ऐकतात.”

एवढंच बोलून ती गेली. नथूच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. महिनाभर तो टेकडीवर दुपारच्या रिकाम्या वेळात वहीत लिहीत बसला. गाणं आईवरचं होतं. पावसाळ्यात ओढ्याला जाऊन दगडाखाली बिनधास्त हात घालणारी, नांगी धरून खेकडा बाहेर काढणारी आणि बोट चावलं तर खेकड्यालाच शिव्या घालणारी भामाबाई. पण लिहिताना त्याच्या लक्षात आलं की निम्मे शब्द निसटलेत. जिथं आठवलं नाही तिथं त्यानं मराठी शब्द बसवला. आईला विचारलं असतं तर मिळाले असते. पण तिला अचानक ऐकवायचं, ही त्याची हौस.

फेब्रुवारीच्या अखेरीस लोणावळ्याला एका महोत्सवाचं बोलावणं आलं. संयोजक गोपाळकृष्ण म्हणून एक गृहस्थ होते, निवृत्त प्राध्यापक, मनानं चांगले. त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक खोकं पाठवलं. आत पानांचा घागरा, पिसांचा मुकुट आणि एक धनुष्य.

भामाबाईनं घागऱ्याचं पान चिमटीत धरलं. “ह्ये कंच्या झाडाचं?”

“प्लास्टिकचं हाये, आये.”

“आनि ह्ये घालून काय करायचं?”

“आदिवासी दिसायचं.”

भामाबाई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेजारच्या बायका जमल्या, मुकुट डोक्याडोक्यांवरून फिरला आणि शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसला.

नथूनं गोपाळकृष्णांना फोन लावला. “सर, मी माज्या कपड्यात येतो.”

“अरे, पण लोकांना कळणार कसं, तू कोण आहेस ते?”

“बोललो की कळंल, सर.”

 मग गोपाळकृष्ण म्हणाले, “बरोबर आहे तुझं. चुकलंच माझं. ये तू.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना दोन पिकअप भरून वाडी लोणावळ्याला पोचली. हनुमंतभाऊंचं उडायचं लाल जॅकेट आणि कामशेतच्या बाजारातले पांढरे बूट घालून नथू मंचावर चढला. पहिलं गाणं ‘पळ ताई पळ’. मैदान उसळलं. मग त्यानं माईक दोन्ही हातांत धरला. 

“आता म्हंतो ते माज्या आयेचं हाये. आमच्या बोलीत.”

कुणी हसलं नाही. ऋचानं बाजूनं ठेका सोडला. पहिलं कडवं झालं. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपल्या घरातले शब्द एवढ्या मोठ्या भोंग्यातून कुणी कधी ऐकले नव्हते. दुसरं कडवं आलं, पोटाला पिल्लं चिकटलेल्या खेकडीला आई परत पाण्यात सोडते ते. तेवढ्यात पुढच्या रांगेत भामाबाई उभी राहिली.

“ए, थांब!”

आवाज असा की माईकची गरज नव्हती. ऋचाचं बोट आपसूक बटणावर गेलं. ठेका थांबला.

“पिल्लंवालीला आपल्यात खेकडी म्हंत्यात व्हय?”

नथूचा चेहरा उतरला. हजार माणसं त्याच्याकडे बघत होती. क्षणभर तो पुन्हा त्या वर्गात उभा होता. पण समोर आई होती, कमरेवर हात ठेवून, लेकराला जेवायला वाढताना बोलते तशी बोलत होती. त्याला एकदम हसूच फुटलं.

“मग काय म्हंत्यात, आये?”

तिनं सांगितलं. तो शब्द कागदावर नीट उतरत नाही, ऐकायलाच हवा. नथूनं म्हणून बघितला.

“तसं न्हाई. जीब वळव जरा.”

त्यानं पुन्हा म्हटला. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा वाडीच्या बायकांनी आरोळी ठोकली. नथू मैदानाकडे वळला. “तुमी बी म्हना!” आणि चिक्कीच्या दुकानातल्या पोरी, कॉलेजातली मुलं, खुद्द गोपाळकृष्ण, सगळे जीभ वळवायला लागले. कुणाला जमेना. भामाबाई बोट दाखवून एकेकाला सुधारत राहिली. ऋचानं त्या गोंधळावरच ठेका सोडला आणि नथूनं तो शब्द धरून तिथल्या तिथं नवं कडवं रचलं. आईसमोर चूक करणाऱ्या लेकाचं.

त्या कडव्यानं त्याचं नाव झालं. वर्षभरात नाशिक, मुंबई, पार नागपूरपर्यंत त्याला बोलावणी आली. गुरुवार ते रविवार गाणं आणि बाकीचे दिवस टेकडी, असं त्यानं ठरवून घेतलं. नवीन गाणं आता आधी चुलीपुढं होतं. पलीकडच्या वाडीतले हौशीरामआबा काठी टेकत येतात आणि भामाबाईशी एकेका शब्दावरून तासभर वाद घालतात. नथू दोघांचंही लिहून घेतो.

यंदाच्या हिवाळ्यात ऋचानं भामाबाईचीच लग्नाची गाणी मुद्रित करायला घेतली. पुण्याला जायला भामाबाई तयार नव्हती, म्हणून माईक तिच्या ओट्यावर आला. बाईनं डोळे मिटून सात गाणी एका बैठकीत म्हटली. मग ऋचानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि ऐकवलं. भामाबाईनं आपला आवाज असा कधीच ऐकला नव्हता. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

“ही कोन गं बया?” तिनं मोठ्यानं विचारलं. कानात गाणं चालू असल्यामुळं ती ओरडते आहे हे तिला कळत नव्हतं.

नथू हसू दाबत म्हणाला, “का? काय झालं?”

“काय न्हाई,” भामाबाई म्हणाली, “पर लय ग्वाड म्हंतीय!”