पडद्यामागचा खोकला

चिनी सैन्याच्या त्या कंपनीत साहेब दोन. हुकूम सोडायचे बाओ थिएलिनने आणि माणसं सांभाळायची राजकीय अधिकारी छू मिंगछ्वानने. 'राजकीय' म्हटलं की बाओला आधी नुसती भाषणं आठवायची. पण खुन्लुनच्या त्या बोडक्या पठारावर चार वर्षं त्याने या माणसाला जवानांच्या पायांचे फोड धुताना पाहिलं होतं, रुसलेल्या बायकांना समजुतीची पत्रं लिहिताना पाहिलं होतं. आता तो छूला मनातून फार मानायचा. तोंडाने अर्थातच नाही.

त्या सकाळी वरून तपासणी आली. जवान पडद्याआड उभे राहून एकेक करून खोकणार आणि छूने नुसत्या खोकल्यावरून नाव, गाव, घरची माणसं सांगायची. तपासणी अधिकारी सकाळपासून घरोघर फोन करून सगळं पडताळून बसलेला. निभावलं तर छूला बढती, नाहीतर वय झालं म्हणून शरदात सैन्याला रामराम.

पहिला जवान खोकायच्या पाच मिनिटं आधी छूला एका जवानाच्या गावाकडून फोन आला. मियाओ शुओची आई पहाटे गेली होती.

"त्याला आत्ता सांगतोस?" बाओने विचारलं.

"सगळ्यांदेखत, रांगेत? नको. तपासणी उरकली की खोलीत बसवून सांगतो."

छप्पन्न खोकले झाले, छप्पन्न बरोबर. कोणाची आजी आंधळी, कोणाची म्हैस व्यायली, हेसुद्धा. शेवटचा खोकला मियाओचा.

"मियाओ शुओ. लोंगनान. घरी वडील, धाकटी बहीण..." छू थांबला.

"आणि आई?" अधिकाऱ्याचं बोट कागदावर होतं. पोराला कळलं असेलच, असं त्याने गृहीत धरलेलं. आई आज पहाटे गेली, हे खरं उत्तर त्याच्यासमोर लिहिलेलं होतं आणि छूच्या ओठांवर होतं.

"आठवत नाही," छू म्हणाला.

पडद्यामागून मियाओ उसळला, "काय साहेब! तिने शिवलेले कापडी सुकतळे बुटात घालून फिरता आणि तीच आठवत नाही?"

हशा पिकला. अधिकाऱ्याने फुली मारली. छू पडद्यामागे गेला, मियाओच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आपल्या खोलीत घेऊन गेला. दार तासभर बंद होतं.

नंतर बाओने छूला भांडी आपटून झापलं. "मूर्खा! जाऊन खरं काय ते सांग, फुली पुसतील!"

"पोराच्या आईच्या मरणावर बढती मागू?" छू म्हणाला.

शरदात छू निघाला. छातीवर निरोपाचं लाल कागदाचं फूल, खांद्यावरची चिन्हं उतरवलेली. जवान रांगेत पाठमोरे उभे. ही कल्पना मियाओची.

"साहेब, एकच खोकला!" तो ओरडला, आणि खोकला.

छू रांगेसमोर थांबला. "मियाओ शुओ. लोंगनान. घरी वडील, धाकटी बहीण. आई होती. टाके फार बारीक घालायची."

"बरोबर!" मियाओ म्हणाला.

'सावधान'चा हुकूम द्यायचा होता बाओने. त्याला तो देताच येईना.