चोविसावी जखमी

मोठ्या सिस्टर सव्वादहापासून जुन्या इमारतीच्या मागच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर उताण्या पडल्या होत्या. मनगटाला लाल चिठ्ठी. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'बेशुद्ध. नाडी चालू. ताबडतोब हलवा.'

इस्पितळात आपत्तीचा सराव चालू होता, भूकंप झालाय असं धरून. चोवीस कर्मचारी जखमी झाले होते, म्हणजे ठरवून दिलेल्या जागी जाऊन पडले होते. उरलेल्यांनी त्यांना शोधून, तपासून खाली पटांगणात न्यायचं. फरशी गार लागते म्हणून जिन्यात पडायला कुणी राजी होईना. तेव्हा सिस्टरांनी यादीत तिथे स्वतःलाच घातलं. सगळा सराव त्यांनीच आखला होता. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, आणि साहेब म्हणाले होते, "हे नीट पार पडलं की तुम्हाला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतो." नाहीतर मग दिवसभर घर होतंच, एका ताटाचं.

पहिली वीस मिनिटं त्यांनी इमानदारीत डोळे मिटून काढली. मग खाली शिट्ट्या वाजल्या, स्ट्रेचरची चाकं खडखडली आणि शेवटी टाळ्या ऐकू आल्या. सिस्टरांनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. आता कुणाच्या तरी लक्षात येईल, आता येईल, असं करत आणखी पाऊण तास गेला. उठून जाणं काही अवघड नव्हतं. पण उठलं असतं तर आपल्याला शोधायला कोण आलं असतं ते कळलंच नसतं.

आली ती झाडूवाली मावशी, बादली घेऊन.

"अगं बाई. सिस्टर, इथं काय पडलात? चक्कर आली का?"

"सराव चाललाय."

"तो कधीच संपला. चहा झाला, फोटो झाले, सगळे कामाला लागले. तुमची कुणी चौकशी नाही केली?"

"तू केलीस की."

"मी कुठली, मी जिना पुसायला आले. पाय तेवढे उचला."

सिस्टरांनी पाय उचलले.

खाली नोंदणीच्या टेबलाशी सगळा उलगडा झाला. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी फाडून घ्यायचा एक तुकडा असतो, त्यावर चिठ्ठीचाच क्रमांक. जखमी सापडला की तिथल्या तिथे तो फाडायचा आणि टेबलावरच्या डब्यात टाकायचा. तुकडे मोजले की माणसं मोजली. मागच्या सरावात घाईघाईत तुकडे वेडेवाकडे फाटले होते, अर्धे क्रमांक गेले होते. म्हणून या वेळी सिस्टरांनी आदल्या संध्याकाळी घरी बसून, पट्टी लावून, चोवीसच्या चोवीस तुकडे सुबक फाडले होते. घरी वेळच वेळ. मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारी. सकाळी ते तुकडे त्यांनी लिफाफ्यात घालून डब्याशेजारी ठेवले: जखमी आणला की त्याचा तुकडा डब्यात टाका. गर्दी उसळल्यावर टेबलावरच्या नर्सने, जिला अखंड बडबडीमुळे सगळे चिमणी म्हणत, अख्खा लिफाफाच डब्यात ओतला. मोजले तर चोवीसपैकी चोवीस.

चार वाजता बैठक बसली. सगळ्यांना छापील फॉर्म मिळाले. आपत्तीला तोंड द्यायला आपण किती सज्ज आहोत असं वाटतं, एक ते पाच. टेबलाभोवती सगळे 'चार' लिहीत होते. पाच लिहिलं तर आगाऊपणा दिसतो आणि तीन लिहिलं तर रविवारी वर्ग लागतो.

"एकही जखमी मागे राहिला नाही," साहेब खुशीत होते. "सिस्टर, तुमच्या शिस्तीचं फळ. वर कळवतो मी."

सिस्टरांच्या पेनाचं टोक फॉर्मवर टेकलेलं होतं. गप्प बसलं की झालं. कुणाला कळणार होतं? कळायचं असतं तर दुपारीच कळलं असतं.

"तेवीस आणले," त्या म्हणाल्या. "एक राहिला."

"कोण राहिला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, माना मोजल्यासारख्या. सिस्टरांकडेही पाहिलं आणि नजर पुढे गेली.

"मी. मागच्या जिन्यात. पावणेबारापर्यंत."

"छे हो," चिमणी म्हणाली, "चहाला तुम्ही माझ्या शेजारीच होतात ना, मी तर तुम्हाला..." आणि मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडून गप्प झाली.

सिस्टरांनी तुकड्यांचं सांगितलं. आधी फाडून ठेवणं ही चूक त्यांचीच, हेही सांगितलं. भूकंप खरा असता तर जिन्यातल्या माणसाचा तुकडा डब्यात असता आणि माणूस जिन्यात.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं. गुरुवारी पुन्हा घेऊ. ते प्रशिक्षकाचं मग... सावकाश बघू."

"बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि फॉर्मवर 'एक' लिहिला.

गुरुवारी त्या पुन्हा त्याच वळणावर पडल्या. फरशी तितकीच गार. चिठ्ठी या वेळी अखंड होती. डोळे मिटून त्या मनात सेकंद मोजत राहिल्या. चौदाव्या मिनिटाला खालून पावलं आली, दोन पायऱ्या एकदम चढणारी. कुणीतरी धापा टाकत शेजारी टेकलं. मनगटावर दोन बोटं आली.

कानाजवळ कागद फाटल्याचा आवाज झाला, तोही वेडावाकडाच.

"बेशुद्ध. नाडी चालू," चिमणीचा आवाज. मग हळूच, "सिस्टर, आलेय मी."

सिस्टरांनी डोळे उघडले नाहीत. बेशुद्ध माणूस उघडत नाही. नाडी मोजायला पंधरा सेकंद पुरतात, त्यांनीच शिकवलं होतं. बोटं मिनिटभर तिथेच होती. त्यांनी मोजलं.