माइकशिवाय

“माइक नको, लॅपटॉप तर अजिबात नको. तुझा कीबोर्ड तेवढा घे,” बायको म्हणाली. “आज वॉर्डात गाऊन डॉक्टरीणबाईंना माझा आवाज ऐकवायचाय, यंत्रातला नाही.”

हॉस्पिटलच्या दारात गाडीतून सामान उतरवता उतरवता नवऱ्याने ड्रमरकडे पाहिलं. हा त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त. बँडमध्ये त्याला सगळे ठोक्या म्हणत. ठोक्याने नजर चुकवली आणि स्वतःच्या काठ्या मोजायला लागला. दोनच तर होत्या!

भानगड अशी होती. बँड नवरा-बायकोचा, गाणी तो बांधायचा, गायची ती. फार नाव नव्हतं, पण तिच्या आवाजासाठी शंभरेक माणसं हमखास यायची. गेल्या वर्षी याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्याचं ऑपरेशन केलं. आवाज परतला, वरचे सूर मात्र परतले नाहीत. घरी गळा जपायचा म्हणून ती नुसती गुणगुणायची, त्यामुळे तिला ते कळलंही नाही. पहिल्या कार्यक्रमात ती खचू नये म्हणून त्याने लॅपटॉपवरून तिचं जुनं रेकॉर्डिंग तिच्या आवाजाखाली हळूच सोडलं. तिच्या इअरफोनमध्येही तेच. टाळ्या पडल्या, आणि स्टेजमागे येऊन ती ढसाढसा रडली. “आला रे माझा आवाज!” त्यापुढे खरं सांगायला त्याची जीभच उचलेना. एकदाच म्हणून केलेली लबाडी आठ महिने चालली, आणि दर खेपेला तो रेकॉर्डिंगचा आवाज थोडा वाढवत गेला.

जिन्यात त्याने तिला गाठलं. “ऐक ना, तुला एक सांगायचंय.”

“गाऊन झाल्यावर सांग. आत्ता डोकं खाऊ नकोस.”

“महत्त्वाचं आहे गं.”

“तुझं सगळंच महत्त्वाचं असतं!” हसत तिने त्याची कॉलर सरळ केली आणि भराभर वर गेली. धावत जाऊन तिला थांबवता आलं असतं. पण गेला नाही. भित्रा कुठला!

“सांगितलंस?” मागून ठोक्याने विचारलं.

“नाही.”

“कमाल आहे तुझी. वहिनी तोंडघशी पडतील तिथे.”

वॉर्डात डॉक्टरीणबाई पहिल्या खाटेजवळ हौसेने उभ्या होत्या. पहिल्या तीन ओळी बऱ्या गेल्या. चौथीला सूर वर चढतो. तिथे तिचा आवाज चिरकला आणि नुसती हवा आली. तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच. एका आजोबांनी बिचाऱ्यांनी टाळी वाजवली, ती तर आणखीच लागली.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेलेली पाहून तिला सगळं कळलं.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

“पहिल्या कार्यक्रमापासून.”

ती घोटभर पाणी प्यायली. “मला झेपेल असा सूर दे.”

त्याने घाईघाईने एक सूर दिला. “वर आहे,” ती म्हणाली. दुसरा दिला. “फार खाली.” तिसऱ्यालाही तिने मान हलवली. बारा वर्षं तिच्यासाठी गाणी बांधणाऱ्या या माणसाला तिचा गळा आता कुठे बसतो, हेच ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांत त्याने तिला ऐकलंच कुठे होतं?

“राहू दे,” म्हणत ती जवळ आली. तिने त्याचा हात कीबोर्डवरून बाजूला केला आणि एका बोटाने आपला सूर शोधायला लागली.