मावशीचा हात

"मावशी, तो हात जरा बाहुलीच्या मागे घ्या ना," फोटोवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

मावशीने हात होता तिथेच ठेवला. उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. एकवीस वर्षं ती या कारखान्यात बाहुल्यांच्या रबरी डोक्यांत यंत्राने केस शिवत होती. नोकरीच्या अकराव्या वर्षी सुई डोक्याऐवजी बोटात घुसली, जखम चिघळली आणि पेर कापावं लागलं. त्या दिवशी मॅनेजर धावत आला आणि त्याने आधी विचारलं, "डोकं खराब झालं का?" बाहुलीचं.

यंदा कारखान्याने 'कष्टकरी' नावाची नवी बाहुली काढली होती. त्यासाठी दोन मुली वह्या घेऊन आठवडाभर मावशीशेजारी बसल्या. कशा बसता, काय घालता, घाम कशाने पुसता, सगळं विचारलं. मावशीनेही हौसेने सांगितलं. घरी लेकीला म्हणाली, "माझ्यासारखी बाहुली येतेय गं!"

आली ती ही. कंबर काडीसारखी, टाचा कायमच्या उचललेल्या, अंगात गुलाबी डगला आणि गालावर तेलाचा एक डाग, तोही तिळासारखा शोभेचा. मावशीने ती हातात उलटीपालटी करून पाहिली. तापल्या प्लॅस्टिकचा वास इतकी वर्षं मुकाट गिळला होता. आज तो घशाशी आला.

"ही कधी पोटभर जेवली असेल का हो?" तिने मॅनेजरला विचारलं.

"मावशी, तुम्ही आहात तशी बनवली तर घेईल कोण?"

"मग जाहिरातीच्या फोटोत मला कशाला उभं केलंय?"

"थोडा खरेपणा लागतो ना!"

आठवड्याने विभागाच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर लागलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या यंत्रावरच्या बुटकीने ते सगळ्यांआधी नीट पाहिलं.

"मावशी, हा हात कुणाचा गं?"

तोंड मावशीचंच होतं, सुरकुत्यांसकट. पण बाहीतून बाहेर आला होता एक गोरा, गुळगुळीत पंजा. पाचही बोटं धड, नखांना रंग. बायका खिदळल्या. मावशीला शिसारी आली. आपल्या मनगटाला कुण्या परक्या बाईचं मांस चिकटवलंय असं वाटून तिने हात पदराला पुसला.

मग तिने धागे कापायचं पातं घेतलं, स्टुलावर चढली आणि तो पंजा मनगटापासून कापून काढला. कडा अगदी सरळ. खाली उतरून तुकडा कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि डब्यातला उरलेला घास खाल्ला.

"कुणी केलं हे?" मॅनेजर ओरडला.

"मी."

"नोकरीची काही फिकीर?"

"आहे की. म्हणून तर बाकीची मी भिंतीवर ठेवली."

बुटकीने तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी मावशीला यंत्रावरून उठवलं आणि खोकी भरायच्या खोलीत धाडलं. भिंतीवर नवं पोस्टर आलं, त्यात दुसरीच कोणी तरणी बाई हसत होती.

खोकी भरायच्या खोलीत बाहुल्यांचे हात बारीक तारेने पुठ्ठ्याला बांधायचे असत. तार पिळायला तर्जनी लागते. मावशीने दोन दिवस धडपड केली, मग अंगठा आणि मधलं बोट त्या कामाला लावलं. वेळ लागायचा. मुकादम डोक्यावर उभा राहून घड्याळ बघायचा, आणि मावशी आपली सावकाश, एकेक पीळ मोजून मारायची.