मेहुण्याच्या वजनाची टाकी

देवानं पोट सगळ्यांना दिलं, राजाला दिलं तसं शिंप्यालाही दिलं. पण त्या पोटाचा हिशेब दुकानात उभं राहून सांगायची वेळ आली, की भलेभले छताकडे बघू लागतात.

शिंपीबुवांची एक छोटी शिडाची बोट होती. तिच्यातून सासूबाईंना पलीकडच्या बेटावर न्यायचं होतं. त्यांची धाकटी बहीण तिथं अंथरुणाला खिळली होती. सासूबाईंची अट एकच, "दार लागणारा संडास असेल तरच मी बोटीत पाय ठेवीन." आणि बंदराचा नियम असा, की संडासातलं काही समुद्रात सोडायचं नाही, बोटीतच टाकीत साठवायचं. म्हणून नवरा-बायको सासूबाईंना घेऊन टाकीच्या दुकानात आले. सोबत मेहुणा. अवाढव्य माणूस, त्याला काही बेटावर न्यायचं नव्हतं, नुसती टाकी उचलायला आणला होता.

"दिवसातून किती वेळा जाता?" दुकानदारानं विचारलं.

सासूबाई चष्मा पुसू लागल्या. "मी एकदाच. तेही आठवलं तर."

"मी प्रवासात जातच नाही," बायको म्हणाली.

शिंपीबुवांनी तर हा विषयच आपला नाही अशी मान हलवली.

"मग टाकी कशाला? थर्मास न्या!" दुकानदार म्हणाला.

शिंपीबुवांनी सगळ्यांत छोट्या टाकीला टेप लावली. "ही बरी आहे. बांधा."

"अहो दाजी," मेहुण्याला राहवेना, "घरात उजाडल्यापासून संडासाचं दार कोण अडवून बसतं? या डबीच्या धाकानं आई पाण्याचा थेंब घेणार नाही. मावशीकडे वाळून पोचेल!"

"मेल्या, चारचौघांत!" सासूबाई कडाडल्या. मग आवाज खाली आला. "पण खोटं नाही हो, जावईबापू. भर समुद्रात टाकी भरली तर? या काळजीनं मी जायचंच रद्द करणार होते. बहिणीला निरोप धाडणार होते."

शिंपीबुवांनी टेप गुंडाळली. "मोठी द्या."

"मोठी एका कडेलाच बसेल," दुकानदार म्हणाला. "भरली की बोट कलणार. समोरच्या कडेला तेवढंच वजन हवं."

सगळ्यांनी वळून मेहुण्याकडे पाहिलं. त्याला काट्यावर चढवलं.

"वा! हुबेहूब भरलेली टाकी!" दुकानदार ओरडला.

"घरचे हेच म्हणतात," मेहुणा म्हणाला.

अशी त्याची जागा पक्की झाली. पण निघायच्या सकाळी तो आपल्या कडेला बसला, समोर टाकी रिकामी, आणि बोट त्याच्याकडे अशी कलली की चहाचे कप घरंगळत त्याच्या मांडीवर आले.

"टाकीत थोडं साधं पाणी भरू," शिंपीबुवा म्हणाले.

"म्हणजे?" सासूबाई उसळल्या. "माझ्यासाठी घेतलेली टाकी, आणि पाण्याला देता?"

त्यांनी पाण्याचा जग तोंडाला लावला, रिकामा केला, आत गेल्या आणि कडी घातली. बाहेर तिघं तिरपे उभे. देवाच्या दारातसुद्धा माणसं इतकी मन लावून उभी राहत नाहीत.

"झाली का गं सरळ?" आतून आवाज आला.

"किंचित, आई!"

"मग लाजताय काय? रांग लावा! तिकडे बहीण वाट बघतेय माझी."